रात्रीचे पंचेचाळीस

सरकारी नियमांच्या पुस्तकात नवल शोधायला सहसा कोणी जात नाही. पण ‘ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००’ अशा रुक्ष नावाच्या नियमांना शेवटी एक चिमुकला तक्ता जोडलेला आहे. चार ओळी, दोन रकाने. औद्योगिक भागात दिवसा ७५, रात्री ७०. व्यापारी भागात ६५ आणि ५५. निवासी भागात ५५ आणि ४५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. एकक डेसिबल. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. पोलीस, मंडळं, मंगल कार्यालयं, सोसायटीच्या सभा, या सगळ्यांची दरवर्षीची भांडणं या आठ आकड्यांभोवती फिरतात.

तिसरी ओळ नीट पाहा. दिवसा ५५, रात्री ४५. वाचताना वाटतं, दहाच तर कमी केले. पाचव्या हिश्शाहूनही कमी. प्रत्यक्षात या दहामध्ये नव्वद टक्के आवाज गेला आहे. डेसिबलची मोजपट्टी बेरजेने नव्हे, गुणाकाराने चढते. दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. समजा तुमच्या गल्लीत तासाला सारख्याच आवाजाच्या दहा रिक्षा जातात आणि त्यांचे मिळून ५५ डेसिबल भरतात. रात्रीच्या ४५ मध्ये बसायचं असेल तर तासाला एकच रिक्षा जाऊ शकते. दुसरी आली की ४८.

कानाला विचाराल तर तो वेगळंच सांगेल. नव्वद टक्के ऊर्जा काढून घेतली तरी कान म्हणतो, हं, साधारण निम्मा झाला. त्याचाही नाइलाज आहे. जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजापासून दुखायला लागणाऱ्या आवाजापर्यंतचा पल्ला ऊर्जेच्या हिशेबात एकावर बारा शून्यं एवढा आहे. एवढं सगळं एकाच इंद्रियाने पेलायचं तर फरक दाबूनच मांडावे लागतात. म्हणून नियमातला ‘फक्त दहा’ आपल्याला फसवतो.

गंमत अशी की हाच दहा जगात इतरत्रही भेटतो. युरोपीय संघाच्या २००२ सालच्या निर्देशात शहराचा चोवीस तासांचा आवाज काढताना संध्याकाळच्या आवाजात ५ आणि रात्रीच्या आवाजात १० डेसिबल मुद्दाम मिळवतात. विमानतळांचा आवाज मोजणारे अमेरिकी लोकही रात्रीसाठी तेच करतात. रात्री गेलेलं एक विमान हिशेबात दिवसा गेलेल्या दहा विमानांएवढं धरायचं. विमान तेच, इंजिन तेच, उंची तीच. मग रात्रीत असं काय आहे?

पहिलं उत्तर हवेत आहे, आणि ते मला फार आवडतं. गावाकडे राहिलेल्या माणसाला ठाऊक असतं की हिवाळ्याच्या रात्री तीन-चार कोसांवरची आगगाडी उशाशी आल्यासारखी ऐकू येते. पलीकडच्या गावातलं भजन, त्यातल्या टाळांसकट. दिवसा त्याच दिशेला कान लावला तर काही नाही. आपण म्हणतो, रात्री बाकीचे आवाज थांबतात म्हणून. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं की रात्री आवाज वाकतो.

ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर, म्हणजे ऊन हवेत जास्त, गार हवेत कमी. दिवसा जमीन तापलेली, जमिनीलगतची हवा ऊन आणि वरची गार. रात्री स्वच्छ आभाळाखाली जमीन आपली ऊब वर सोडून देते, तिला टेकलेली हवा आधी थंड होते आणि वरची हवा तुलनेने ऊन राहते. आता दिंडीत हातात हात धरून चालणारी एक लांब आडवी ओळ डोळ्यांसमोर आणा. एका टोकाचे चिखलात सापडून मंदावले की सगळी ओळ त्या टोकाकडे वळते. ध्वनीची लहरही मंद बाजूला वळते. दिवसा मंद बाजू वर असते, म्हणून आवाज आभाळाकडे निघून जातो आणि थोड्या अंतरावर जमिनीवर आवाजाची चक्क सावली पडते. रात्री मंद बाजू खाली असते. आवाज वर जायला निघतो, वाकतो आणि पुन्हा जमिनीवर, म्हणजे कोणाच्या तरी गच्चीवर किंवा खिडकीत उतरतो.

पाच अंशांच्या फरकाने वेगात सेकंदाला तीन मीटरचा फरक पडतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो, तेव्हा हा फरक शेकड्याला एकसुद्धा भरत नाही. पण एवढ्यावर रात्रीचा सगळा भूगोल बदलतो. मंगल कार्यालयाचा मालक जेव्हा म्हणतो, ‘दुपारी एवढाच आवाज होता, तेव्हा तर कोणी बोललं नाही’, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. दुपारी तो आवाज तक्रारदाराच्या डोक्यावरून गेलेला असतो.

दुसरं उत्तर कानात आहे. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. झोपेत डोळे मिटतात, हातपाय सैल पडतात, पण कान कामावरच असतात. आईला वादळाच्या आवाजात गाढ झोप लागते आणि बाळाने कूस बदलली की ती उठून बसते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. १९६० साली ब्रिटिश संशोधकांनी झोपलेल्या माणसांना नावांची यादी ऐकवली. डोक्याला लावलेल्या तारांतून मेंदूच्या लहरी कागदावर उतरत होत्या. स्वतःचं नाव आलं की लहरींत एक ठळक उसळी येत होती, दुसऱ्यांच्या नावांना तेवढी नाही. माणूस झोपलेला आहे, पण नावाची निवड चालू आहे! म्हणजे आत कोणीतरी जागा आहे. जंगलात, गुहेच्या तोंडाशी झोपणाऱ्या पूर्वजांना त्याचा उपयोग झाला असणार. चौथ्या मजल्यावर मोटरसायकलचा सायलेन्सर फुटका आहे की वाघ आला आहे, हे ठरवायला तो अजूनही तितकाच तत्पर असतो.

या आतल्या राखणदारावर लगामही आहे. झोपेत मेंदूच्या मध्यभागातून अर्ध्या-एक सेकंदाच्या जलद लहरींचे झुबके उठतात आणि त्या वेळी बाहेरचे आवाज वरच्या मजल्यावर पोचू दिले जात नाहीत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्यांच्या मेंदूत असे झुबके जास्त, ते फोनच्या, गाड्यांच्या आवाजातही झोपून राहतात. तेव्हा ‘मला नाही बुवा त्रास होत, तुम्हालाच कसा होतो?’ या सोसायटीतल्या सनातन प्रश्नाचं उत्तर काही अंशी जन्मजात आहे. दोघंही खरं बोलत असतात.

पण झोपून राहणारा सुटला असं नाही. युरोपातल्या एका अभ्यासात अथेन्स, मिलान, स्टॉकहोम आणि लंडन इथल्या विमानतळांजवळ राहणाऱ्या १४० माणसांचा रक्तदाब त्यांच्याच घरी, रात्रभर, दर पंधरा मिनिटांनी मोजला गेला. विमान गेलं की रक्तदाब वर. माणूस जागा झालेला नाही, सकाळी त्याला काही आठवतही नाही, पण हृदयाने नोंद घेतलेली असते. ‘सवय होते’ हे जागं होण्यापुरतं खरं. हृदयाला ती सवय पुरती लागत नाही. याच अभ्यासात शेजारी घोरणाऱ्या जोडीदारामुळेही रक्तदाब चढलेला दिसला. त्यावर कोणत्याही देशाने नियम केल्याचं ऐकिवात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची मर्यादा सुचवली ती घराबाहेर ४० डेसिबल. आपली निवासी मर्यादा तिच्यापेक्षा पाचाने सैल आहे, शांतता क्षेत्राची मात्र नेमकी तेवढीच. कागदावर आपण काही मागे नाही.

रात्रीच्या आवाजाबद्दल माणूस पहिल्यापासून कुरकुरत आला आहे, पण कायद्याने केलेला सगळ्यात मजेदार घोटाळा रोमचा. इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास ज्युलियस सीझरच्या कायद्याने मालगाड्यांना उजाडल्यापासून दुपार उतरेपर्यंत शहरात बंदी केली. कारण साधं होतं, अरुंद रस्ते आणि गर्दी. मग गाड्या रात्री येऊ लागल्या. लोखंडी धावा, दगडी फरशा, बैलांना घातलेल्या शिव्या. पुढे दीडशे वर्षांनी जुवेनाल नावाच्या कवीने चिडून लिहिलं की या शहरात झोपायचं तर आधी श्रीमंत व्हावं लागतं. मुंबईत अवजड ट्रकना दिवसा बंदी करून रात्री सोडणाऱ्यांनी हा कवी वाचलेला नसावा.

आजच्या शांतता क्षेत्राचा एक धागा न्यूयॉर्कपर्यंत जातो. ज्युलिया बार्नेट राइस नावाच्या बाई, शिक्षणाने डॉक्टर, हडसन नदीकाठी मोठ्या घरात राहत. नदीवरच्या टगबोटी रात्रभर शिट्ट्या फुंकायच्या, त्यातल्या कितीतरी निव्वळ एकमेकींना रामराम घालायला. बाईंनी १९०५-०६ च्या सुमारास वैतागून पत्रं लिहिण्याऐवजी कोलंबिया विद्यापीठाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना नदीकाठी बसवून शिट्ट्या मोजायला लावल्या. एका रात्रीत आकडा हजारांवर गेला. डेसिबल मोजायचं यंत्र तेव्हा नव्हतं; मोजणी हीच त्यांची तोफ होती. नदीकाठच्या रुग्णालयांतल्या डॉक्टरांच्या साक्षी त्यांनी जोडल्या, १९०६ साली अनावश्यक आवाजाविरुद्ध संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी शिट्ट्यांवर लगाम घालणारा कायदा अमेरिकी संसदेकडून करून घेतला. त्याच सुमाराला न्यूयॉर्कच्या रुग्णालयांभोवती शांततेचे पट्टे आखले गेले. आपल्याकडे रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या शंभर मीटरांबद्दल आपण वाद घालतो, तो त्या पट्ट्यांचाच लांबचा नातेवाईक.

आपल्या नियमामागची घटना मात्र हसण्यासारखी नाही. जानेवारी १९९८ मध्ये वर्तमानपत्रांत एक बातमी आली. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला आणि शेजारी लागलेल्या लाउडस्पीकरच्या गोंगाटात तिच्या किंकाळ्या कोणालाही ऐकू गेल्या नाहीत. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतलं. ती बातमी वाचून एका अभियंत्याने थेट सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. खटला चालू असतानाच, १४ फेब्रुवारी २००० रोजी, केंद्राने हे नियम जारी केले. १८ जुलै २००५ रोजी सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी आणि न्या. अशोक भान यांनी निकाल दिला. त्याचा गाभा असा, की बोलण्याचं स्वातंत्र्य असेल तर न ऐकण्याचंही आहे, आणि भोंग्याने मोठा केलेला आवाज दुसऱ्याच्या घरात घुसवण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही. शांतपणे राहणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला.

महाराष्ट्रात ही लढाई त्याही आधीपासूनची. डॉ. यशवंत ओक १९८० च्या दशकातच हा प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. पुढे सुमायरा अब्दुलअली यांची आवाज फाउंडेशन आणि ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर आले; ऑगस्ट २०१६ चा न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाचा सविस्तर निकाल बेडेकरांच्या याचिकेवरचा. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने सांगितलं की लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, आणि तक्रार आली की पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करावी. शेवटची ओळ छोटी वाटते, पण तीच सगळ्यात कामाची. मंडळाच्या अध्यक्षाला आपलं नाव कळणार, या भीतीपुढे डेसिबल काय चीज आहे!

नियम मुळातून वाचले की बरेच गैरसमज गळून पडतात. पहिला आणि सगळ्यात लाडका, ‘दहापर्यंत काहीही वाजवा’. नाही. दिवसाही निवासी भागाला ५५ ची मर्यादा आहेच, आणि लाउडस्पीकरला लेखी परवानगी दिवसाही लागते. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये. खाजगी जागेत, म्हणजे तुमच्या दिवाणखान्यातल्या साउंड सिस्टिमला, घराच्या हद्दीवर फक्त ५ ची सवलत. दुसरा गैरसमज असा की नियम फक्त भोंग्यांचा आहे. २०१० च्या दुरुस्तीने रात्री दहानंतर निवासी भागात हॉर्न वाजवायलाही बंदी आली (आणीबाणी सोडून), रात्रीच्या आवाजी फटाक्यांना बंदी आली आणि आवाज करणाऱ्या बांधकामाच्या यंत्रांनाही. समोरच्या पुनर्विकासाच्या जागेवर रात्री साडेअकराला ब्रेकर चालू होतो, तो या शेवटच्या कलमाखाली येतो. आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त असेल तर तक्रार करता येते. आणि रात्रीचे निर्बंध मोडले जात असतील तर आकड्याची गरजच नाही, नुसतं मोडलं एवढं पुरे. म्हणून ११२ वर फोन लावताना मोबाइलमधलं डेसिबल ॲप उघडून बसायची आवश्यकता नाही. तशीही ती ॲपं फोनागणिक वेगळं बोलतात.

भुंकणाऱ्या कुत्र्यांबद्दल नियम काहीच बोलत नाहीत. वरच्या मजल्यावर रात्री बाराला सरकणाऱ्या खुर्चीबद्दलही नाही. तो आवाज हवेतून येतच नाही. खुर्चीचा पाय स्लॅबला धक्का देतो, स्लॅब थरथरतो आणि तुमच्या खोलीचं छतच आवाज करतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं यंत्र बाहेर खांबावर बसून त्याला काय पकडणार? त्याला इलाज म्हणजे सोसायटीची पोटकलमं, वरच्यांशी बोलणं आणि खुर्चीच्या पायांना लावायच्या फेल्टच्या चकत्या. माझा भरवसा चकत्यांवर जास्त आहे.

मोजण्याची गोष्ट निघालीच आहे, तर तिथे थोडं थांबायला हवं. कारण या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात विलक्षण फट तिथे आहे. नियमातले ४५ डेसिबल साधे नाहीत, ते ‘ए’ पट्टीवरचे आहेत आणि त्या पूर्ण कालावधीची सरासरी आहेत. दोन्ही शब्द निरुपद्रवी दिसतात.

आधी सरासरी. रात्र आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटं. समजा रात्रभर गल्लीत ३० डेसिबल, म्हणजे पान हललं तरी ऐकू यावं इतकी शांतता. फक्त दोन वाजता दहा मिनिटं कोणीतरी खिडकीखाली गाडीतलं गाणं लावून ६० डेसिबल केले. गल्ली जागी झाली, लहान मुलं रडली. आता रात्रीची सरासरी काढा: ४३ च्या आसपास येते. मर्यादा ४५. त्या तक्त्याप्रमाणे काही झालंच नाही! जर्मनीचा उद्योगधंद्यांच्या आवाजाचा नियम इथे हुशारी दाखवतो. तिथेही रात्र दहा ते सहाचीच, पण रात्रीची सरासरी पूर्ण आठ तासांची न काढता सगळ्यात गोंगाटी एका तासाची काढतात. आपल्या उदाहरणात ती ५२ भरली असती, आणि तिथल्या सर्वसाधारण निवासी भागाची रात्रीची मर्यादा आहे ४०. जर्मन लोक शांततेबाबत किती कडक, याचे किस्से पुष्कळ आहेत. त्यांनीच २०११ साली कायद्यात लिहून टाकलं की पाळणाघर आणि खेळाच्या मैदानातला मुलांचा आवाज सहसा उपद्रव मानायचा नाही. हे मला त्यांच्या कडकपणापेक्षा जास्त आवडलं.

आता ‘ए’ पट्टी. माणसाचा कान सगळ्या सुरांना सारखी दाद देत नाही. मधल्या पट्टीला तीक्ष्ण, खर्जाला मंद. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी याचे वक्र काढले. त्यातला हलक्या आवाजाचा वक्र घेऊन ‘ए’ पट्टी बनली. यंत्र आधी सगळा आवाज ऐकतं, मग कानाची नक्कल करत खर्जातला आवाज वजा करतं. सेकंदाला ६३ कंपनं असलेल्या आवाजातून २६ डेसिबल वजा होतात. ऊर्जेत सांगायचं तर चारशे भागांतला एकच भाग मोजायचा. हलक्या आवाजासाठी हे योग्यच. पण आवाज मोठा झाला की कान खर्जालाही चांगली दाद देऊ लागतो, आणि यंत्र मात्र आपलं चारशेतलं एक धरून बसतं.

आणि मिरवणुकीतल्या डीजेचा सगळा मामला खर्जातच असतो. पन्नास कंपनांच्या ठोक्याची लहर जवळपास सात मीटर लांब असते; ती खिडकी, भिंत, कोपरा कशालाही फारशी जुमानत नाही. भिंत उंच सूर अडवते, खर्ज सोडते. लांबवर हवासुद्धा आधी उंच सूरच गिळते. म्हणून दूरच्या डीजेचं गाणं कुठलं ते कळत नाही, फक्त छातीत धम्‌, धम्‌ पोचतं, तावदानं थरथरतात, कपाटातली भांडी किणकिणतात. पोलीस यंत्र घेऊन येतात, आकडा बेताचा निघतो. म्हातारा माणूस म्हणतो, माझं काळीज हलतंय. दोघांचं मोजणं खरं आहे; पट्टी वेगळी आहे. खर्ज फारसा न कापणारी ‘सी’ पट्टी बहुतेक यंत्रांत असते. बटण दाबायचं बाकी आहे, म्हणजे अर्थातच नियम बदलायचा बाकी आहे.

दहाच्या नियमाने शांतता किती आली यावर वाद घाला; त्याने काय गेलं ते मात्र सांगता येतं. कोकणात आणि गोव्यात जत्रेतला दशावतार पालखी फिरून झाल्यावर, मध्यरात्रीच्या पुढे सुरू होऊन उजाडेपर्यंत चालायचा. खंडोबाचं जागरण, देवीचा गोंधळ ही नावापासूनच रात्रीची. तमाशाचं दुखणं आणखी वेगळं. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि सगळ्यात शेवटी वग, हा क्रम पिढ्यांचा. घड्याळ पुढून कापत नाही, मागून कापतं. म्हणजे कथा सांगणारा, ज्यासाठी फड नावाजला जायचा, तो वगच गळतो. नियम फक्त भोंग्यापुरता राहिलेला नाही. २०१० पासून उघड्यावर रात्री वाद्य वाजवणंही त्यात आलं. ढोलकी आणि डीजे एकाच कलमात.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९५३ पासूनचा उत्सव. पूर्वी रात्र रात्र चाले, लोक शाली-सतरंज्या घेऊन बसत आणि सकाळी भीमसेन जोशींच्या गाण्याने सांगता होई. दहाचं बंधन आलं तशी सत्रं दुपारकडे सरकली. रसिकांनी पुष्कळ हळहळ केली. मीही रसिकांच्याच बाजूचा, तरी मांडवाशेजारच्या इमारतीत आजारी माणूस असेल तर त्याला दरबारी आणि डीजे यांत फरक करायला सांगणं मला जमणार नाही.

फट म्हणावी तर एक आहे. राज्य सरकारला सण-उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस दहाऐवजी बारापर्यंत मुभा देता येते. २८ ऑक्टोबर २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद कायम ठेवली. त्या दिवसांची यादी जिल्ह्याजिल्ह्यात आधी जाहीर करतात. हिशेब करा: दोन तास गुणिले पंधरा, म्हणजे वर्षाला तीस तास. वर्षातल्या रात्रीच्या एकूण तासांची संख्या २,९२०. शेकड्याला एक एवढी सूट, आणि त्या एकासाठी केवढी चढाओढ! गणपतीचे दिवस, नवरात्र, शिवजयंती, आंबेडकर जयंती, ईद, नाताळ, एकतीस डिसेंबर. त्यातूनच पुण्याला सवाईसाठी सहसा शनिवारची एक रात्र बारापर्यंत मिळते.

गोव्यात पाळोळेच्या किनाऱ्यावर लोकांनी वेगळीच वाट काढली. दहानंतर प्रत्येकाच्या कानावर हेडफोन, आणि शेकडो माणसं पहाटेपर्यंत नाचतात. दुरून पाहणाऱ्याला फक्त वाळूवर घासणारे पाय ऐकू येतात आणि मधूनच एखादा बेसूर गाणारा. पार्टीच्या गाण्याला ते चालतं. ख्यालाला कसं चालणार? तानपुऱ्याच्या जवारीला हवा लागते, समेवर शेजाऱ्याची मान हललेली दिसावी लागते.

शिवाय रागांचं स्वतःचं घड्याळ आहे, आणि ते नियमांच्या घड्याळापेक्षा जुनं. बिहाग, बागेश्री दहा-अकरापर्यंत कसेबसे बसवता येतात. मालकंस परंपरेने रात्रीच्या तिसऱ्या प्रहराचा, म्हणजे बाराच्या पुढचा. वर्षातला सर्वांत उदार परवाना नेमका तिथे संपतो. म्हणून तो आता रात्री नऊला गायला जातो आणि टाळ्याही पडतात. बंदिस्त सभागृहात, आवाज आतच ठेवून, नियम आड येत नाही. भाडं, कर्मचाऱ्यांचा रात्रपाळीचा पगार आणि शेवटची लोकल आड येतात.